जोडीच्या तारांमधला हेलकावा

तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, एकाच षड्जात (‘सा’मध्ये) मिळवायच्या असतात. पण ‘जवळजवळ मिळाल्या’ आणि ‘मिळाल्या’ यांच्या मधल्या अवस्थेत त्या दोघींतून तिसरेच काहीतरी ऐकू येऊ लागते. सूर फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. खुंटी फिरवून तार आणखी जवळ आणली की हे हेलकावे संथ होतात, दूर गेली की घाईने येऊ लागतात. गाणे शिकणाऱ्याला सुरुवातीला ‘कान तयार व्हायला हवा’ एवढेच सांगितले जाते. ते खोटे नाही, पण माझ्या मते तानपुरा लावताना आपण सुराची उंची फारशी जोखत नसतो, हेलकाव्याचा वेग जोखत असतो. आणि हे पहिल्याच महिन्यात कोणी सांगितले तर शिष्याची पुष्कळ धडपड वाचेल.

काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज धरला तर जोडीची तार सेकंदाला सुमारे १३८.६ वेळा कंप पावते. दुसरी तार १३९.६ वर असेल तर दर सेकंदाला ती पहिलीपेक्षा एक कंपन जास्त करते. एका क्षणी दोघींची कंपने बरोबर पडतात आणि आवाज वाढतो. अर्ध्या सेकंदानंतर एकीची लाट वर तर दुसरीची खाली असते आणि आवाज घटतो. सेकंदाला जितके हेलकावे, तितका दोन कंपनसंख्यांमधला फरक, इतका हा हिशेब सरळ आहे. याच तारा एकामागून एक वेगवेगळ्या छेडल्या आणि त्यांच्यात अर्ध्या कंपनाचाच फरक असला, तर तो बहुतेकांना कळणारही नाही. एकत्र घुमू दिल्या की मात्र दर दोन सेकंदांनी येणारा हेलकावा नवख्यालाही ऐकू येतो.

तानपुऱ्यात तर हा फरक आपोआप मोठा होऊन समोर येतो, आणि त्याचे श्रेय जवारीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी आणि तार यांच्या जुळणीला आहे. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर तार घासत कंप पावते आणि तारेखाली सरकवलेला दोरा योग्य जागी बसला की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे स्वरही भरभरून उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये घोडीच्या याच करामतीवर लिहिले होते. मूळ सुरांत अर्ध्या कंपनाचा फरक असेल तर पाचपट कंपनांच्या स्वरात तो अडीच कंपनांचा होतो. म्हणून खालचा षड्ज स्थिर वाटत असतानाही वरची झिलई थरथरत असेल, तर जोडी अजून मिळालेली नाही असे समजावे आणि खुंटीला हात न लावता तारेत ओवलेला मणी केसभर सरकवावा. छेडल्याबरोबर निकाल देऊ नये, कारण जोरात छेडलेली तार पहिल्या क्षणी थोडी चढी वाजते आणि मग आपल्या जागी उतरते. मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा पाहून तानपुरा लावणारे नेमके इथेच फसतात.

हेलकाव्यांवरून कंपने मोजण्याची युक्ती १७०० च्या सुमारास जोसेफ सोव्हर या फ्रेंच शास्त्रज्ञाने वापरली. ऑर्गनच्या दोन नळ्या २४:२५ या प्रमाणात जुळवल्या आणि सेकंदाला चार हेलकावे ऐकू आले, तर त्या नळ्यांची कंपने ९६ आणि १०० असलीच पाहिजेत. कंपने मोजणारे कोणतेही यंत्र नसताना नुसत्या कानाने काढलेले हे उत्तर मला आजही थक्क करते. बालीच्या गॅमेलान वाद्यवृंदात तर हेलकावा मुद्दाम राखला जातो: धातूच्या पट्ट्यांची वाद्ये जोडीने बनवतात, एक किंचित उतरे आणि दुसरे किंचित चढे, आणि तो थरथराट नसेल तर तिथल्या कानाला वाद्य निर्जीव वाटते.

आपल्याकडे या हेलकाव्याचा खरा प्रश्न उभा राहतो तो पेटी आणि तानपुरा एकत्र वाजतात तेव्हा. नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून, स्वयंभू गंधार, म्हणजे कोणी न छेडता आपोआप उमटणारा ‘ग’ ऐकू येतो. काळी एकच्या खर्जाची कंपने ६९.३, तेव्हा त्याच्या पाचपट, म्हणजे ३४६.५. सप्तकाचे बारा समान भाग करून जुळवलेल्या पेटीचा गंधार १७४.६ वर असतो आणि त्याच्याबरोबर उमटणारा दुप्पट कंपनांचा स्वर ३४९.२ वर. दोन्हींत पावणेतीन कंपनांचा फरक पडतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे. पंचमाच्या बाबतीत हाच हिशेब केला तर दोन सेकंदांत एखादाच हेलकावा निघतो, म्हणून पेटीचा पंचम खपून जातो आणि गंधार बोचतो.

ही बोच जुनीच आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, पुस्तक प्रसिद्ध केले आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग पुढे नेला. अब्दुल करीम खाँ यांचेही त्या खटाटोपाला साहाय्य होते. पुढे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही आणि स्वरस्थाने ठरीव असतात, हे आक्षेप त्यामागे होते. ते खरे असले तरी तीस वर्षांची बंदी मला अतिरेकच वाटते, कारण जाणकार पेटीवादक सूर कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे ओळखून असतो. भूप किंवा यमनच्या आलापीत गंधारावर थांबायचे असेल तेव्हा मी साथीदारांना आधीच विनंती करून ठेवतो, की तेवढ्या वेळेपुरता तो स्वर पेटीवर धरून ठेवू नका, षड्ज-पंचमावर राहा, गंधार तानपुऱ्याकडे सोडा.