खजूर आणि राखेचा बुधवार

नागपूर, शुक्रवार, ७ मार्च २०२५

परवा राखेचा बुधवार झाला आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू झाला; शेजारच्या चाचांचा आज सहावा रोजा. यंदा दोन्ही उपवास एकाच आठवड्यात लागले, म्हणून संध्याकाळी त्यांच्याकडे इफ्तारला बसण्याचा योग आला.

मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजाची) अजान होताच चाचांनी माझ्या हातावर खजूर ठेवला आणि येशूची आई मरियम हिची कथा सांगितली. कुराणातील एकोणिसावा सूरा तिच्याच नावाचा आहे. प्रसूतिवेदनांनी व्याकूळ होऊन ती खजुराच्या बुंध्याशी आली, तेव्हा ‘हा बुंधा हलव’ अशी तिला हाक आली आणि ताजी फळे खाली पडली. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला गव्हाणीत ठेवतात, त्या कथेवर वाढलेला मी हे साठीत प्रथमच ऐकत होतो. ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याच्या उरुसात सर्व धर्मांच्या माणसांत मी कित्येकदा उभा राहिलो आहे. पण गर्दीत कोणी कोणाला काही विचारत नाही.

न विचारल्याने काय होते, ते मी २०२३ च्या नाताळात पाहिले. मी पाठवलेला प्लम केक चाचींनी हसून घेतला, पण घरात कोणी चाखला नाही, हे मला महिन्यांनी कळले. सुकामेवा रममध्ये भिजवला आहे का, एवढे बेकरीत विचारायचे मला सुचले नव्हते. गेल्या नाताळात बायकोने मनुका संत्र्याच्या रसात भिजवल्या (नागपुरात दुसरे काय सुचणार!) आणि डबा रिकामा परत आला.

२००७ साली १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुले पत्र लिहिले आणि देवावर व शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा दोन्हीकडे आहे, हे त्यांच्यापुढे मांडले. ते मला पटते. मात्र ‘सगळे धर्म एकच सांगतात’ एवढ्यावर सभा आटोपणाऱ्यांचे मला पटत नाही. येशूला वधस्तंभावर मारले गेले नाही, असे कुराण सांगते. माझा विश्वास तर त्या वधस्तंभावरच उभा आहे. आज मी हे चाचांना सरळ बोलून दाखवले. त्यांनी वाद घातला नाही आणि मान्यही केले नाही, “मग त्या शुक्रवारी तुम्ही नेमके करता काय?” एवढेच विचारले.

मी त्यांना गुड फ्रायडेच्या बारा ते तीनच्या उपासनेविषयी आणि येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांविषयी सांगितले. १८ एप्रिलच्या गुड फ्रायडेला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो तर चालेल का, असे त्यांनी विचारले. तिथे सारे बोलणे वधस्तंभाचेच असेल, असे मी आधीच बजावले. ते म्हणाले, “माहीत आहे. पण जुम्म्याची नमाज आटोपूनच येईन, शेवटच्या तासाला.”