थांबण्याचे कारण

चालू काम मध्येच थांबवले गेले की आमच्या व्यवसायात एक कागद भरावा लागतो. किती वाजता थांबवले, कोणी थांबवले, कशासाठी थांबवले आणि तपासणीत काय आढळले, अशा चौकटी त्यावर असतात. १६ जून २०२३ रोजी दुपारी मी असा एक कागद भरला. भरताना तो मला नेटका आणि न्याय्य वाटला होता. आज त्यातल्या एका ओळीबद्दल माझी तशी खात्री उरलेली नाही.

मी सिंगापूरमध्ये रिगरचे काम करतो. गावाकडे हे सांगितले की अर्ध्या नातेवाइकांना तेलविहीर आठवते, म्हणून हल्ली मी सरळ सांगतो की मोठ्या कार्यक्रमांसाठी छताला वजने टांगणे आणि ती खाली पडणार नाहीत याची काळजी घेणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. गिरगावात ज्या मांडववाल्यांना बांबूवर पाय रोवून काथ्या आवळताना पाहत मी वाढलो, त्यांचेच हे काम असून फरक इतकाच की येथे काथ्याऐवजी पोलादी दोर आणि शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या पोलादी कड्या, असतात, आणि प्रत्येक गाठीमागे कोणाची तरी सही असते.

त्या आठवड्यात सिंगापूर इंडोर स्टेडियममध्ये शुगा या कोरियन रॅपरचे सलग तीन कार्यक्रम होते. बीटीएस या गटातील हा कलाकार एकट्याचे संगीत ‘अगस्ट डी’ या नावाने करतो, आणि गटातील एखाद्या सदस्याने एकट्याने काढलेला हा पहिलाच जागतिक दौरा होता. २६ एप्रिलला न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क येथे तो सुरू झाला. अमेरिकेनंतर जकार्ता, योकोहामा आणि बँकॉक करून तो आमच्याकडे आला होता, आणि आठवड्याभरातच सोलमध्ये पुढचे प्रयोग लागलेले होते. माझी भाची त्याची भक्त असल्याने मला त्याच्या खांद्याच्या जुन्या दुखापतीपासून सगळे आधीच ऐकवण्यात आले होते. मला मात्र त्याच्या रंगमंचाचे आकर्षण होते.

त्या रंगमंचाबद्दल आम्हा टांगणाऱ्यांमध्ये तो येण्यापूर्वीपासूनच बोलले जात होते. सुरुवातीला नर्तक त्याला निपचित अवस्थेत उचलून आणतात आणि मग ‘हेगम’ हे गाणे सुरू होते. हेगम हे कोरियातील दोन तारांचे जुने वाद्य आहे आणि त्याच उच्चाराच्या शब्दाचा दुसरा अर्थ बंदी उठवणे असा होतो. पुढे कार्यक्रम जसजसा सरकतो, तसतसे रंगमंचाचे चौकोनी तुकडे साखळ्यांवर एकेक करून वर उचलले जातात. गाणाऱ्याच्या पायाखालची जागा कमी कमी होत जाते आणि शेवटी तो उघड्या जमिनीवर उभा असतो. प्रेक्षकाला यात कवित्व दिसत असेल, आणि ते आहेही. रिगरला मात्र हे दिसते की जे वजन एरवी निमूटपणे जमिनीवर बसलेले असते, ते येथे दोन तासांत हळूहळू छताकडे जाते आणि तेही माणसे खाली वावरत असताना. ते हलते तुकडे दौऱ्याबरोबर आलेल्या चमूच्या ताब्यात होते आणि त्यांचे काम पाहून मी मनोमन हात जोडले. त्यांचे आकडे सांगण्याची मला मुभा नाही. आम्हा स्थानिक लोकांकडे आजूबाजूच्या दिव्यांच्या ट्रस, म्हणजे दिवे अडकवायच्या धातूच्या जाळीदार तुळया, आणि त्यांचे पॉइंट, म्हणजे छताला त्या जेथून टांगतात त्या जागा, एवढे होते.

केंझो तांगे या जपानी वास्तुविशारदाने रचलेली ही १९८९ ची इमारत बाहेरून डौलदार दिसते, पण तिचे छत कडेकडून मध्याकडे उंच होत जाते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन पॉइंटना लागणाऱ्या पोलादी दोरांची लांबी सारखी येत नाही आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा करावा लागतो. पहाटे रिकाम्या जमिनीवर लेसर लावून खडूने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेशेजारी वजन आणि दोराची लांबी लिहायची आणि मग वरच्या माणसाने दोर सोडून खालून साखळी ओढून घ्यायची. मला या कामातील हाच भाग सर्वांत प्रिय आहे. दहा वाजेपर्यंत त्या खुणांवर खोकी, केबल आणि माणसे येऊन पडतात आणि तो सुंदर नकाशा पुन्हा कोणालाही दिसत नाही.

पुढचे समजण्यासाठी आमच्या मोटरीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. साखळीचा आकडा छताकडच्या दोराला अडकवलेला असतो आणि मोटर खाली ट्रसला बांधलेली असते. बटण दाबले की मोटर स्वतःच्याच साखळीवर चढू लागते आणि ट्रसला बरोबर घेऊन जाते. चढताना गिळलेली साखळी ती दुसऱ्या बाजूने ओकते आणि ती साखळी मोटरीच्या अंगाला लटकवलेल्या जाड कापडी पिशवीत जमा होते. एक टनाच्या मोटरीची साखळी मीटरला किलोभराहून थोडी अधिक भरते, म्हणजे पंधरा मीटर चढलेल्या मोटरीच्या पिशवीत पंधरा किलोंहून जास्त लोखंड माणसांच्या डोक्यावर लोंबत असते. ट्रसला दुहेरी आधार, दिव्याला सुरक्षेची तार, अगदी हातातल्या पान्यालाही दोरी, आणि ही पिशवी मात्र दोन पट्ट्यांवर. पट्टा सुटून पिशवी कलंडली तर थोडी साखळी बाहेर येते, तिच्या वजनाने उरलेली ओढली जाते, आणि एकदा ही धार लागली की ती कोणालाही थांबवता येत नाही.

शुक्रवारी दुपारी, पहिल्या प्रयोगाच्या काही तास आधी, खाली हलत्या तुकड्यांची तालीम चालली होती. बाहेर, स्टेडियम ज्या भागात आहे त्या कलांगच्या उन्हात, प्रेक्षक सकाळपासून शिस्तीत बसले होते. या चाहत्यांची टवाळी करणाऱ्यांनी एकदा त्यांची रांग पाहावी; आपल्याकडच्या कुठल्याही तिकीट खिडकीला ती लाजवील. मी जमिनीवरून लोड सेलचे, म्हणजे प्रत्येक पॉइंटवरचे वजन मोजणाऱ्या यंत्रांचे, आकडे पाहत होतो, तोच मजूर कंत्राटदाराकडून आलेला एक बांगलादेशी मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. रिकामी खोकी ढकलणे आणि दोर धरणे हे त्याचे काम होते. वर पाहणे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

“दादा, ओई ब्यागटा ठिक नाई,” तो म्हणाला.

त्याच्या दादात आणि आपल्या दादात काही अंतर नाही, त्यामुळे असेल कदाचित, मी मान वर केली. मधल्या ट्रसच्या एका मोटरीची पिशवी शेजारणींपेक्षा तिरकी दिसत होती. उजवीकडचा पट्टा ताणलेला होता. डावीकडचा दिसतच नव्हता. मी चार पावले सरकून पाहिले, दुर्बीण लावली, तरी मोटरीच्या काळ्या अंगापुढे काळा पट्टा आहे की नाही हे सांगता येईना. ट्रस चढवताना ती पिशवी मीच खालून तपासली होती, त्यामुळे माझे मन म्हणत होते की पट्टा असणारच. या मनाच्या म्हणण्यावर मी दीड-दोन मिनिटे घालवली, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही.

मग मी वॉकीटॉकीवर थांबण्याची हाक दिली. दौऱ्याचा रिगिंगप्रमुख आला, त्याने वर पाहिले, एक प्रश्न विचारला आणि लगेच खालचा सगळा भाग मोकळा केला. तो चिडला नाही. अशी माणसे मी या धंद्यात फार पाहिलेली नाहीत. ट्रस खाली आणायची तर दिव्यांच्या केबलचा सगळा पसारा सोडवावा लागला असता, म्हणून छताच्या मार्गिकेवरून आमचा वरचा रिगर दोरावर खाली उतरला. तो उतरत असताना एवढ्या माणसांनी भरलेली ती जागा इतकी शांत झाली की त्याच्या हार्नेसच्या कड्यांचा आवाज जमिनीवर ऐकू येत होता.

पट्टा होता. पीळ पडून मोटरीच्या मागच्या बाजूला गेला होता, पण त्याची कडी बंद होती आणि पिशवीचा भार तो व्यवस्थित पेलत होता. आमच्या माणसाने पीळ काढला, पिशवी सरळ केली आणि अंगठा दाखवला. एकूण सव्वीस मिनिटे गेली.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. मी त्याच्या आधी कागद भरायला बसलो. ‘काय आढळले’ या चौकटीत ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले, कारण ते खरे होते. ‘निदर्शनास कोणी आणले’ या चौकटीत मी त्या मुलाचे पूर्ण नाव त्याच्या ओळखपत्रावरून अक्षर अक्षर पाहून लिहिले. त्याचे श्रेय त्याला मिळावे, एखाद्या साहेबाने ते वाचावे आणि त्याला खोक्यांमधून उचलून दोरांच्या शिक्षणाला घालावे, असे काहीसे माझ्या डोक्यात होते. दोन मिनिटे पट्टा असणारच म्हणत उभ्या राहिलेल्या माणसाचा अपराधीपणाही त्यात होता.

कागदाच्या प्रती सगळ्यांना जातात, तशी एक मजूर कंत्राटदारालाही गेली. त्याच्या माणसाने त्यातील दोनच चौकटी वाचल्या. दोष नाही, आणि हे नाव. शनिवारी तो मुलगा मागच्या धक्क्यावर रिकाम्या खोक्यांची राखण करीत बसलेला दिसला. रविवारी रात्री, शेवटच्या प्रयोगानंतर सगळे उतरवण्याचे काम सुरू झाले तेव्हा यादीत त्याचे नाव नव्हते. ज्याला रात्रपाळीच्या जादा मजुरीचा अर्थ ठाऊक नाही, त्याला या वाक्याचे वजन कळणार नाही. ‘शंका आली तर थांबवा’ अशी पाटी इंग्रजी, चिनी, तमिळ आणि बंगालीत ठिकठिकाणी लावणारे हेच कंत्राटदार असतात. मजूर पुरवणाऱ्यांपैकी निम्म्यांना माझ्या मते डोकी मोजण्यापलीकडे डोक्याचा उपयोग ठाऊक नसतो.

मी त्या माणसाला विचारले. तो हसून म्हणाला की शिक्षा वगैरे काही नाही, फेरबदल आहे. मी यावर काही बोललो नाही. समोर बारा तासांचे उतरवणे होते, माणसे कमी पडत होती, आणि ती माणसे त्याच्याकडूनच यायची होती. ही सबब नाही असे मला म्हणता येणार नाही.

रविवारी शेवटची गाणी चालू असताना मी धक्क्याच्या दारातून पाहत होतो. सगळे तुकडे वर गेलेले होते आणि तो कलाकार उघड्या जमिनीवर उभा होता. भाची सांगते की शेवटी तो निरोप न घेता निघून जातो आणि दिवे लागतात. मला दिवे लागलेले दिसले, कारण माझे काम तेव्हा सुरू होते. पहाटे मोटरी जमिनीवर आल्या तेव्हा मी ती पिशवी ओळखून काढली आणि दोन्ही पट्टे हाताने ओढून पाहिले. ते घट्ट होते. खोटे कशाला सांगू, त्यातला एक तुटका निघाला असता तर मला बरे वाटले असते.

त्या मुलाची गाठ पुढे एकदा पडली. जहाज दुरुस्तीच्या गोदीत कामाला लागल्याचे त्याने सांगितले आणि मला दादा म्हणूनच हाक मारली. त्या कागदाबद्दल त्याला माहीत होते की नाही हे मी विचारले नाही.

त्यानंतर मी असे तीन कागद भरले आहेत. तिन्ही वेळा शंका दुसऱ्याच कोणाला तरी आली होती, आणि ‘निदर्शनास कोणी आणले’ या चौकटीत तिन्ही वेळा मी माझे नाव लिहिले. तिसऱ्या वेळी खरोखरच एका शॅकलची पिन सैल निघाली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. जिने ती पिन पाहिली होती, ती नवी मुलगी समोरच उभी होती.