रकाना : घटनेचा प्रकार

अमेरिकेत मी जुन्या कागदांचं काम करते, म्हणजे नक्की काय करते, हे आईला अजून सांगता आलेलं नाही. खरं तर अर्धा दिवस पिना काढण्यात जातो. गंजलेली स्टेपलची पिन ओढायची नसते. खाली पातळ पट्टी सरकवून तिचे पाय सरळ करायचे, कागद उलटायचा आणि मग हलकेच उचलायची. घाई केली की शंभर वर्षांच्या कागदाचा कोपरा हातात येतो.

उरलेला वेळ रकाने भरायचे. तारीख, ठिकाण, कुणी कुणाला लिहिलं वगैरे. 'घटनेचा प्रकार' मात्र टाईप करता येत नाही, ड्रॉपडाउनमधून निवडावा लागतो. ती यादी बनवणाऱ्यानं आयुष्यात एक तरी पिन काढली असेल का, शंका आहे.

त्या मंगळवारी पंचाहत्तरीच्या एक कृष्णवर्णीय आजी रीडिंग रूममध्ये आल्या. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात, ग्रीनवुड या काळ्या लोकांच्या वस्तीतलं त्यांच्या आजोबांचं घर 1 जून 1921 ला जळालं. आदल्या रात्रीपासून गोऱ्या जमावानं तिथं हत्या, लूट आणि जाळपोळ चालवली होती. 1 जूनच्या दुपारपर्यंत तिथले पस्तीसेक ब्लॉक राख झाले. आजोबांनी भरपाईसाठी नगरपालिकेकडे दावा केला होता, तो आजींना बघायचा होता. घरून तीनदा शोधला, सापडला नाही.

मला दोन मिनिटांत सापडला. मीच त्याची नोंद केली होती, 'दंगल' या शीर्षकाखाली.

"आमच्या घरी त्याला दंगल कुणी कधी म्हटलंच नाही, हनी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

माझे बाबा तलाठी होते. पंचनाम्यात 'आग' लिहिलं की 'जाळपोळ', यावर पुढची भरपाई ठरते, असं ते सांगायचे. टल्सात तेच झालं. दंगलीतलं नुकसान भरून मिळणार नाही, असं कलम विमा पॉलिसीत होतं. तिथल्या थिएटरचा मालक रेडफर्न तर गोरा होता, कोर्टातही गेला. 1926 मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपनीचीच बाजू घेतली.

बाकीची सरकारी पावलंही तितकीच तत्पर. काळ्या लोकांना आधी छावण्यांत कोंडलं, मग बाहेर फिरायला ओळखपत्रं सक्तीची केली. राख निवते न निवते तोच, 7 जूनला, शहरानं ठराव केला की तिथं नवं बांधकाम आगरोधकच हवं. तंबूत राहणाऱ्यांनी ते कुठून आणायचं? बी. सी. फ्रँकलिन या वकिलानं, स्वतः तंबूतूनच वकिली करत, तो ठराव कोर्टात हाणून पाडला. ग्रँड ज्युरीनं, म्हणजे चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, ठपका ठेवला तो अटकेतल्या डिक रोलंड या काळ्या पोराला जमावाच्या हाती पडू न देण्यासाठी कोर्टापाशी गेलेल्या सशस्त्र काळ्या माणसांवर. पोलीसप्रमुख कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी ठरला, पण खुनांसाठी एकही गोरा माणूस तुरुंगात गेला नाही.

आजी दाव्यातल्या सामानाच्या यादीवरून बोट फिरवत होत्या. शिवणयंत्र, दोन गाद्या, कोंबड्या. कोंबड्यांपाशी बोट थांबलं. "चौदा? आई बारा सांगायची."

लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 2021 मध्येच आपलं शीर्षक बदलून 'हत्याकांड' केलं. आमची यादी जुनीच. मी वरिष्ठांना विचारलं तर ते म्हणाले, संपूर्ण संग्रहाला एकच शीर्षक असतं, मधूनच बदलता येणार नाही. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र अजून डोक्यातून जात नाही. 'दंगल' पुसून टाकलं, तर त्या एका शब्दावर किती दावे बुडाले हे पुढच्या माणसाला शोधायचं असेल, तर तो काय टाईप करणार? मला दोन्ही हवेत. ड्रॉपडाउनमध्ये एकच बसतं.

आजींनी अकरा पानांच्या प्रती घेतल्या, पर्समधली नाणी मोजून पैसे दिले आणि पावती मागितली. आमच्या पावतीवर संग्रहाचं नाव आपोआप छापून येतं. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं, पावतीची घडी घातली आणि कोंबड्यांच्या पानामागे ठेवली.

पावतीवरचं नाव बदलण्याचा माझा अर्ज आयटीवाल्यांकडे आहे. सात आठवडे झाले.