क्लोरीन, पटकी आणि एक बुडालेली होडी

पोर्तुगीजमध्ये क्लोरीन आणि कॉलरा (म्हणजे पटकी) हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. पोर्तुगीज ही सरकारी भाषा असलेल्या आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये यातूनच अफवा उठत आल्या: विहिरीत औषध टाकायला येणारेच रोग टाकून जातात. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले. एप्रिल २०२४ मध्ये नाम्पुला प्रांतात पटकीच्या अफवेने घाबरलेले लोक मासेमारीच्या होडीत दाटीवाटीने चढले. होडी बुडाली, ९० हून अधिक माणसं गेली. त्यात कितीतरी मुलं होती.

आणि पटकी तर वेळेवर उपचार मिळाले की बरी होते! भीतीने रुग्ण घरात लपवला, की मात्र काही तासांत शरीरातलं पाणी संपतं. १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ; मीठ वाढलं तर मुलांना धोका. हे घोट घोट पाजत दवाखाना गाठायचा.

‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हा फलक मला निरुपयोगी वाटतो. गावातल्या विश्वासू माणसांना आधी भेटा. क्लोरीन सगळ्यांसमोर मोजा, ३० मिनिटं थांबा, उरलेलं क्लोरीन तपासा (लिटरला सुमारे ०.५ मिलिग्रॅम) आणि त्या पाण्याचा पहिला पेला क्लोरीन टाकणाऱ्या पथकानेच प्यावा.