आबांचं डोकं आणि गोटा खोबरं

मेंदूला तीन आवरणं असतात हे शाळेत पाठ केलेलं, पेपर संपल्यावर विसरलो पण. परत आठवायची वेळ आबांनी आणली.

झालं असं की गणपतीच्या आधी आबा मोरीत घसरले, डोकं नळाला जरासं लागलं, टेंगूळ आलं, आईने हळद लावली आणि संध्याकाळी आबा कट्ट्यावर हजर. विषय संपला. मग तीनेक आठवड्यांनी चालताना डावीकडे झुकायला लागले, डाव्या पायातली चप्पल निसटलेली कळायची नाही, मला काकाच्या नावाने हाक मारायचे, दिवसभर पेंगायचे. आणि आम्ही सगळे आपले म्हणतोय वय झालं, ८२ काय कमी आहेत का! शेवटी आत्याच चिडली, म्हणाली स्कॅन तरी करा रे.

सीटी स्कॅनमध्ये उजवीकडे कवटीच्या आतून चंद्रकोरीसारखा पट्टा. क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली हळूहळू साचलेलं रक्त.

सगळ्यात बाहेरचं आवरण ड्युरा मेटर, जाड, चिवट, कवटीला आतून चिकटलेलं. मधलं अरॅक्नॉइड, कोळ्याच्या जाळ्यासारखं, म्हणून ते नाव. आणि पाया मेटर एकदम नाजूक, मेंदूच्या घडीघडीत शिरलेलं. या शेवटच्या दोघांच्या मधल्या पाण्यात मेंदू तरंगतो. (मेटर म्हणजे लॅटिनमध्ये आई, अरबी वैद्यकातल्या शब्दाचं बाराव्या शतकात शब्दशः भाषांतर केलं म्हणे. ड्युरा मेटर म्हणजे कडक आई. ती आमच्याकडे आहेच.)

आता घोळ कुठे होतो, तर मेंदूकडून ड्युराकडे बारीक शिरा जातात. ओल्या नारळात खोबरं करवंटीला घट्ट असतं, सुकलं की गोटा आत खुळखुळतो, म्हातारपणी मेंदू असाच आक्रसतो आणि त्या शिरा ताणल्या जातात, मग किरकोळ धक्क्यानेही एखादी फाटते आणि ड्युराच्या खाली रक्त हळूहळू साचत राहतं, आठवडेच्या आठवडे. त्यात आबांना हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. पडले त्या दिवशी हे डॉक्टरांना सांगायचं आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, याचा अजून राग येतो.

ऑपरेशन म्हणजे कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं, जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट निघालं म्हणे, आणि उरलंसुरलं वाहून जायला नळी (ड्रेन) ठेवली. तिसऱ्या दिवशी आबांनी मला बरोबर माझ्या नावाने हाक मारली आणि हळूच विचारलं, तपकिरीची डबी आणलीस का.