मढ्यावरची गिधाडं ओळखताना

पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटी किंवा मसाई मारा अभयारण्यात मेलेल्या वाइल्डबीस्टवर (हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) गिधाडांची झुंबड दिसली की बरेच जण एक फोटो काढून पुढे निघतात. तिथे तासभर तरी थांबावं. एकाच मढ्यावर चार-पाच जाती असू शकतात आणि प्रत्येकीची चोच वेगळ्या कामाची असते.

जड गिधाडांना वर चढायला तापलेल्या हवेचा आधार लागतो, म्हणून खरी गर्दी ऊन चढल्यावर होते.

सगळ्यांत जास्त दिसतं ते पांढऱ्या पाठीचं गिधाड. मान लांब आणि जवळपास उघडी, त्यामुळे खांद्यापर्यंत आत घुसून ते मऊ मांस ओढतं. जिभेवर मागे वळलेले काटे असतात, घास निसटत नाही. छाती फुगलेली दिसली तर समजा, त्याचं जेवण झालंय. पण जाड कातडं त्याला फाडता येत नाही, म्हणून ते डोळे, तोंड किंवा गुदद्वाराकडून सुरुवात करतं.

कातडं फाडण्याचं काम लॅपेट-फेस्ड गिधाडाचं. गुलाबी, घड्या पडलेलं उघडं डोकं, अवजड चोच, पंखांचा विस्तार पावणेतीन मीटरच्या आसपास. ते आलं की बाकीचे बाजूला सरकतात. बारीक चोचीचं हूडेड गिधाड कडेकडेने सांडलेले तुकडे वेचतं.

फसगत होते ती रुपेलच्या गिधाडाशी. प्रौढ रुपेलची चोच पिवळसर, डोळा पिवळा आणि पिसांना फिकट कडा असल्याने अंग खवल्यांसारखं दिसतं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची चोच काळी, डोळा गडद. पिल्लांच्या बाबतीत मात्र चोचीच्या रंगावर विसंबू नका, दोघांचीही काळपट असते.

आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं वनरक्षकांना मढ्याची जागा दाखवतात, म्हणून चोरटे शिकारी मारलेल्या हत्तीत विष घालतात. जून 2019 मध्ये बोत्स्वानात तीन हत्तींच्या मढ्यांपाशी 537 गिधाडं मेली, त्यांतली 468 पांढऱ्या पाठीची. ही जात एका विणीत एकच अंडं घालते. इतकी पाखरं परत उभी राहायला किती वर्षं जातील, या विचारानेच जीव तुटतो.

मढ्याभोवती मेलेली किंवा मान टाकून बसलेली गिधाडं दिसली, तर कशालाही हात लावू नका. जागेचे जीपीएस आकडे टिपा आणि लगेच वनरक्षकांना कळवा. ते मढं जाळेपर्यंत नवी गिधाडं उतरतच राहतात.