पांढरी रेघ

"ही रेघ तुटलेली दिसली की जागेवर थांबायचं. चहा-बिहा नंतर."

अंबडच्या गॅरेजमध्ये आज मिस्त्रींनी जीपमागे लावून लेहला न्यायच्या माझ्या छोट्या ट्रेलरच्या एकेका नटवर ब्रशने पांढरी रेघ ओढली. अर्धी नटवर, अर्धी बोल्टवर. नट जरासा फिरला तरी दोन तुकडे एका ओळीत राहत नाहीत. पाना लावायचीही गरज नाही, नुसतं वाकून बघायचं.

मी खरं तर त्यांना सोलर पॅनल आणि आतला घडीचा ओटा कौतुकाने दाखवायला गेलो होतो. (कुकर कुठे बसणार यावर घरात आठवडाभर वाद. उंचीमुळे लेहला पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकर हवाच.) त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली आडवे झाले, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट चाचपले, चाक हाताने फिरवून बेअरिंगला कान दिला. मग म्हणाले, "याचं चाक जीपला बसतं?"

नाही बसत.

"मग स्टेपन्या दोन प्रकारच्या न्या."

मनाली-लेह रस्त्यावरचा 'टांगलांग ला' ही खिंड 5,000 मीटरच्या वर आहे. मिस्त्री स्वतः सापुताऱ्यापुढे गेलेले नाहीत. पण निफाडच्या कच्च्या रस्त्यांवर खिळखिळ्या झालेल्या उसाच्या ट्रॉल्या त्यांनी आयुष्यभर सरळ केल्यात. मी तीन महिने व्हिडिओ बघत होतो, आणि नटकडे एकदाही बघितलं नव्हतं.

ट्रेलर घेऊन तिकडे कुणी गेलंय का? ही रेघ चिखलात टिकते?